खोकं फोडायचं कधी?

आक्कांच्या शोकेसात सध्या एक निळं खोकं बसलंय. एका अंगाला तात्यांना तरुणपणी तालमीतनं मिळालेली गदा, दुसऱ्या अंगाला कुणाच्यातरी लग्नात आलेला गणपती आणि मधोमध हे. वर सोनेरी फीत, धरायला कडी. आक्कांचा धाकटा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत आहे. कंपनीनं इटलीहून नवं मशीन घेतलं, ते शिकायला त्याला ब्रेशियाला धाडलं. येताना त्यानं आईसाठी हे आणलं. गल्लीत बातमी झाली, इटलीचा केक आला. चौकात गेल्यावर त्याचा पाव झाला. दूधसंस्थेच्या रांगेत पोचेपर्यंत चीज झालं होतं.

आमच्या दोन घरांतलं कुंपण नावालाच आहे. खाली तार, वर मेंदी, आणि मधे एक वाटी जाईल-येईल एवढी फट. गडमुडशिंगीतल्या अर्ध्या बातम्या त्या फटीतनं जातात. उरलेल्या अर्ध्यांची सोय दूधसंस्था करते.

"बाई, ते पानेटोनी का काय ते, त्यात अंडं हाय म्हनं. खरं काय?"

"पानेत्तोने. अंडं आहे आक्का, पण नुसता पिवळा बलक."

"पिवळं काय नि पांढरं काय! मार्गशीर्ष हाय. गुरवार धरलेत मी. अंडं घरात आलंय हेच मला रातीला सुचंना झालंय. महिना सरल्याबिगर खोकं फोडायचं न्हाई, सांगून ठेवलंय सगळ्यास्नी."

"तोवर टिकेल की. तारीख बघा ना खोक्यावर, पुढच्या साली मेपर्यंत आहे."

"तात्या काय ऐकंना. पाव तर हाय म्हनं, च्यात बुडवून खाऊन टाकू."

इथं मला राहवलं नाही. माझी भाची लग्न होऊन मिलानला गेली. तिच्या घरी नाताळात मी हे खाल्लंय, तिच्या शेजारणीनं ते कसं कापलं, कसं वाढलं, सगळं बघितलंय. तेव्हा आक्कांना म्हटलं, याला पाव म्हणाल तर मिलानची माणसं भांडायला उठतील. कशाला पानेत्तोने म्हणायचं याचा तिकडं सरकारी हुकूम आहे, २००५ सालचा. बेदाणे आणि साखरेत मुरवलेल्या फळांच्या साली मिळून निदान २० टक्के पाहिजेत. बलक ४ टक्के. आणि लोण्याची फॅट १६ टक्के. त्याच्या खाली गेलात तर खोक्यावर ते नाव छापायचं नाही, दुसरं काहीतरी छापा.

फॅट हा शब्द कानावर पडला आणि आक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं. वीस टक्के बेदाण्यांचं त्यांना काही वाटलं नव्हतं.

"सोळा फॅट? आमची म्हस सरकी-पेंड खाऊन खाऊन सातच्या वर जाईना झालीया, आनी ह्यांच्या पावाला सोळा?"

"लोणी घालतात ना त्यात, म्हणून."

"आनी तितं धार कोन काढतं? गोऱ्या बाया?"

हेही मला ठाऊक होतं. उत्तर इटलीत, पो नदीच्या खोऱ्यात, मोठमोठे गोठे आहेत आणि त्यात राबणारी कितीतरी माणसं पंजाबातली आहेत. पगडी बांधून पहाटे गाई दोहतात. नोव्हेल्लारा नावाच्या गावात त्यांचा गुरुद्वारा आहे. आक्कांना हे एवढं पटलं की संध्याकाळपर्यंत 'इटलीत सगळी दुधं सरदारजी काढत्यात' ही बातमी नव्या वसाहतीपर्यंत गेली. थोडी ताणलेली होती, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी विषय निघाला तो हे करतात कसं. धाकट्यानं कुठल्याशा बेकरीचा व्हिडिओ आईला दाखवला होता. त्यात भाजून काढलेले पानेत्तोने शेकड्यानं उलटे टांगले होते, बुडाशी सळया खुपसून.

"उलटं कशाला टांगत्यात वो? काय गुन्हा केलाय बिचाऱ्यानं?"

गुन्हा लोण्याचा. एवढं लोणी, एवढा बलक आणि एवढी फळं पोटात घेऊन ते फुगतं, आणि भट्टीतनं बाहेर काढून सरळ ठेवलं तर स्वतःच्याच भारानं मधे बसतं. म्हणून गरम असतानाच उलटं करायचं आणि रात्रभर तसंच लटकत ठेवायचं. आतली जाळी धरून राहते. उंचीची ही हौस तशी जुनी नाही. पूर्वी ते बुटकं आणि घट्ट असायचं. १९१९च्या सुमारास मिलानच्या आंजेलो मोत्तानं कणकेला भोवतीनं कागद बांधला, तेव्हा ते वर चढायला लागलं. मग आलेमान्या नावाचा दुसरा एक बेकरीवाला उतरला आणि दोघांच्या चढाओढीत ते घरोघरी गेलं.

"आनी यीष्ट किती घालत्यात?"

"पाकिटातलं नाही घालत, निदान जे चांगलं करतात ते तरी. त्यांच्याकडं आंबवलेल्या पिठाचा गोळा असतो. रोज त्याला ताजं पीठ आणि पाणी द्यायचं. वर्षानुवर्षं चालतो. आपल्या विरजणासारखं बघा. आदल्या दिवशीचं थोडं राखून दुसऱ्या दिवशी लावायचं, खंड पडू द्यायचा नाही."

आक्का गप्प झाल्या. त्यांचं विरजण सासूच्या हातचं आहे असं त्या सांगतात. महापुराच्या वर्षी दूध संकलन बंद पडलं होतं तेव्हाही त्यांनी ते मोडू दिलं नव्हतं. मग मी पुढची कृती सांगितली. एकदा संध्याकाळी कणीक मळायची, रात्रभर फुगू द्यायची, सकाळी पुन्हा त्यात लोणी, बलक, साखर घालून मळायची, परत फुगू द्यायची, मग भाजायची, मग टांगायची. सगळं मिळून दोन दिवस सहज, कधी तीन. हे ऐकल्यावर आक्का म्हणाल्या, "मग म्हाग असू दे की." धाकट्यानं मात्र ते सुपरमार्केटातनं अगदी स्वस्तात उचललं होतं. तिकडं डिसेंबरात गिऱ्हाईक दुकानात यावं म्हणून पानेत्तोने पडेल भावानं विकतात. ब्रेशियात इजिनिओ मास्सारी म्हणून नावाजलेला हलवाई आहे, त्याच्याकडचं असतं तर खिशाला चांगलीच झळ बसली असती. हे मी आक्कांना सांगितलं नाही. शोकेसातल्या वस्तूची किंमत कुणी उगाच कमी करू नये.

खरी गंमत सिस्टरबाईंनी केली. सिस्टरबाई गल्लीच्या टोकाला राहतात, मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्स होत्या. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली काढलेला तो मिशनचा दवाखाना, आख्ख्या दक्षिण महाराष्ट्राला माहीत. नाताळ आला की सिस्टरबाईंच्या घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, सगळा फराळ होतो, आणि त्याबरोबर एक केक. केकमधली रंगीत टुटीफ्रुटी म्हणजे साखरेत मुरवलेली कच्ची पपई, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून माझा त्या लाल-हिरव्या तुकड्यांवरचा विश्वास उडाला. त्या दिवशी फटीशी आम्ही तिघी होतो. खोकं आक्कांच्या काखेत. फोडायचं नव्हतं, पण दाखवायला काय हरकत?

सिस्टरबाईंनी चष्मा लावून बाजूचं बारीक अक्षर वाचलं. संत्र्याची साल होती. आणि दुसरं काहीतरी, चेद्रो.

मी भाचीला तिथूनच फोन लावला. तिनं फोटो पाठवला. पिवळं, हाताएवढं मोठं, खरबरीत सालीचं लिंबाच्या जातीतलं फळ. रस जेमतेम, जाड साल हेच त्याचं सगळं.

"अगं बया," सिस्टरबाई म्हणाल्या, "हे तर म्हाळुंग!"

तेच होतं. आणि कोल्हापूरच्या माणसाला म्हाळुंग म्हटल्यावर काय आठवणार? अंबाबाईच्या चार हातांपैकी उजव्या खालच्या हातात जे फळ आहे ते म्हाळुंगच. वरच्या हातात गदा, डावीकडं ढाल आणि पानपात्र. लहानपणापासून जिच्यापुढं हात जोडले त्या देवीच्या हातातलं फळ इटलीच्या बेकरीवाल्यानं साखरेत मुरवून या खोक्यात घातलं होतं, आणि ते मार्गशीर्षात, महालक्ष्मीच्या महिन्यात, आक्कांच्या काखेत आलं होतं.

आक्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खोकं त्यांनी काखेतनं काढून दोन्ही हातांवर घेतलं.

"मग ह्याला द्येवाऱ्यात ठिवायला पायजे."

"आणि अंडं?"

"आगं बाई, अंडं हाय न्हवं!"

त्यांनी आत जाऊन बराच वेळ विचार केला असावा. संध्याकाळी बघितलं तर खोकं शोकेसातच होतं, पण गदा आणि गणपती दोन्ही खालच्या कप्प्यात गेले होते. वरचा कप्पा एकट्या खोक्याचा. तात्यांनी गदेबद्दल दोन दिवस अबोला धरला म्हणे. मला वाटतं तो अबोला खोकं फोडू न दिल्याचा होता, गदेचं निमित्त.

तात्यांचा अबोला मोडला तो इतिहासानं. तात्या तसे चौथी पास, पण करवीरच्या गादीचं त्यांच्यापुढं कुणी चुकीचं बोलायचं नाही. मी म्हटलं, इटलीचं आणि आपलं नातं काय आजचं आहे? राजाराम महाराज तिकडंच गेले.

धाकटा म्हणाला, "कोन, इमानतळाचे?"

"तुजं इमानतळ घाल चुलीत!" तात्या उठूनच बसले. उजळाईवाडीचा विमानतळ गावाच्या शिवेला. त्याच्या वाढीसाठी आमच्या गावच्या जमिनी गेल्या, त्यामुळे तो शब्द निघाला की तात्यांचा पारा असाही चढतो. "इमानतळाचं राजाराम म्हाराज म्हंजे शाहू म्हाराजांचं चिरंजीव. हे त्यांच्या आदुगरचं. राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाचं हाय त्ये."

तात्यांचं बरोबर होतं. हे राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. वय अवघं वीस. व्हिक्टोरिया राणीला भेटले, इंग्लंड-स्कॉटलंड बघितलं, रोजनिशी लिहीत राहिले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच त्यांचा अंत झाला. पंचांगानं तोही महिना मार्गशीर्षच. इटलीत तेव्हा प्रेत जाळायची रीत नव्हती. खास परवानगी काढावी लागली, आणि आर्नो नदीला मुन्योने जिथं मिळते त्या संगमावर, कास्चिने नावाच्या बागेच्या टोकाला, रातोरात त्यांची चिता रचली. पुढं १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मांट यांचा, म्हणजे कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडनला छापून काढली. फ्लॉरेन्सची माणसं त्या जागेला 'इंडियानो' म्हणतात, आणि शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडलंय.

"मग म्हाराजांनी ह्ये खाल्लं असंल का वो?" आक्कांनी विचारलं.

मी म्हटलं, हे उंच असलेलं तर नाहीच नाही, ते पन्नास वर्षांनी आलं. शिवाय मिलान फ्लॉरेन्सहून लांब, आणि नाताळ तर पुढंच होता. तात्या म्हणाले, "खाल्लं नसलंच. म्हाराज सोवळ्यातलं खायाचे. संगट आपलं आचारी घिऊन गेलते." यावर पुढं कुणी बोललं नाही. आक्कांनी तेवढ्यात डोळ्याला पदर लावला. दीडशे वर्षांपूर्वीच्या पोरासाठी, जो परमुलखात वीस वर्षांचा गेला.

धाकट्याला तात्यांनी बजावलं, परत गेलास तर आधी छत्री, मग मशीन.

मार्गशीर्ष अमावास्या झाली. आता वाटलं, उद्या खोकं फुटणार. पण महिनाभर उपाशी असलेलं कोल्हापूर अमावास्येनंतर काय करतं हे मी विसरलेच होते. सकाळी सातपासून मटणाच्या दुकानापुढं रांग. आक्कांच्या घरातनं दुपारी जो वास आला त्याच्यापुढं इटलीचा बेदाणा काय करणार? तांबडा, पांढरा, सुकं. पोटात जागाच उरली नाही. पानेत्तोने आणखी दोन दिवस पुढं ढकललं.

आक्का घाबरल्या, नाताळ उलटून गेला, आता चालतं का?

चालतं. मिलानमध्ये तर नाताळातला एक तुकडा मुद्दाम राखतात आणि ३ फेब्रुवारीला, सान बियाजोच्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी खातात. या संतानं म्हणे एका पोराच्या घशात अडकलेला माशाचा काटा काढला होता, म्हणून तो घशाचा राखणदार. त्या दिवशी पानेत्तोनेचा तुकडा खाल्ला की वर्षभर घसा धरत नाही. पंचगंगेचे काटेरी मासे खाऊन वाढलेल्या आमच्या गल्लीला हा संत फारच जवळचा वाटला.

शेवटी एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, फटीशी स्टूल टाकलं आणि खोकं फुटलं. त्याआधी मी एक काम करून घेतलं. पिशवी न सोडता ते तासभर कोवळ्या उन्हात ठेवलं. थंडीत यातलं लोणी थिजतं, वास दडून बसतो, आणि मग ते कोरडं आहे, बेचव आहे अशी नावं ठेवायला लोक मोकळे. उन्हानं पिशवीला आतनं जरा ओल धरली, तेव्हा सोडलं. लोण्याचा, संत्र्याचा आणि आंबवल्याचा असा मिळून वास आला. मेंदीपलीकडचं पोरगं क्रिकेट टाकून आलं.

कापायला आक्कांनी विळी आणली. मी अडवलं. हे दाबून कापलं की त्याचा लगदा होतो. दात्यांची सुरी पाहिजे, आणि हात हलका, पुढंमागं. दात्यांची सुरी गल्लीत कुणाकडं नव्हती. तात्या म्हणाले, हॅकसॉ आहे. शेवटी सिस्टरबाईंची केकची सुरी आली. कापायचं ते उभं, वरच्या टोपीपासून बुडापर्यंत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला करपट टोपीही येते आणि मऊ पोटही. आडवे काप काढले तर टोपीसाठी भांडणं. बाजूचा कागद आधीच नाही सोलायचा, ज्याचा तुकडा त्यानं सोलावा. आणि तुकडा चांगला जाड द्यावा. पातळ फोडी करून बशीत मांडणाऱ्यांचं मला कधी समजलं नाही. एवढ्या हलक्या वस्तूला पातळ केलं तर खायला उरतं काय?

तिकडं याच्याबरोबर मास्कारपोनेचं क्रीम देतात. साय तापवून त्यात आंबट टाकून फाडतात, ते मास्कारपोने. त्यात बलक आणि साखर फेटायची. नाहीतर बलकाचंच गरम झाबाल्योने. पिणारे मोस्कातो नावाची हलकी, गोड, फेसाळ वाईन घेतात. या शेवटच्या वाक्याला तात्यांनी मान वर केली होती, पण आक्कांनी बघितलं, तशी खाली गेली. आम्ही काय केलं? आक्कांनी सकाळीच दोन लिटर म्हशीचं दूध आटवायला ठेवलं होतं. साखर बेताची, वेलदोडा अजिबात नाही, हे मी सांगून ठेवलं होतं. वेलदोडा म्हाळुंगाच्या सालीवर चढतो. कोमट, दाट दूध वाटीत आणि त्याच्याशेजारी जाड तुकडा. मला विचाराल तर मास्कारपोनेपेक्षा हे बरं. ते तोंडात बसून राहतं, दूध खाली उतरतं.

मतं पडली ती अशी. सिस्टरबाई म्हणाल्या, साल खरी आहे, पपई नव्हे. पोरांनी बेदाणे टोकरून खाल्ले आणि हिरवट तुकडे मेंदीत टाकले. आक्का म्हणाल्या, "ग्वाड कमी हाय," आणि दुसरा तुकडा घेतला. म्हाळुंगाचा एक कण त्यांनी कपाळाला लावून मग खाल्ला. तात्यांनी सरळ चहात बुडवला. मी काही बोलले नाही, कारण मिलानची माणसंही सकाळी दुधाच्या कॉफीत बुडवूनच खातात. आता तात्या गल्लीभर सांगतात की इटलीची रीत त्यांना आधीपासून ठाऊक होती.

उरलेलं दुसऱ्या दिवशी लोखंडी तव्यावर, तुपाचं बोट लावून, दोन्हीकडनं लालसर केलं. कडा कुरकुरीत, आत बेदाणा गरम. शिळं झालेलं पानेत्तोने ताज्याहून चांगलं लागतं हे मी आता छातीठोकपणे सांगेन. आक्कांनी एक तुकडा डब्यात घालून ठेवला, ३ तारखेला तात्यांच्या घशासाठी. तात्यांचा घसा तंबाखूनं बसलाय, हे सान बियाजोच्या आवाक्यातलं नाही, पण बोलायचं कुणी?

आता फटीतनं नवं सुरू झालंय. पुढच्या साली आपल्यालाही एक, असं सहा घरांनी सांगितलंय. सिस्टरबाईंना नुसती मुरवलेली साल हवीय. ज्या घरात पोरं बेदाणे काढून टाकतात त्यांच्यासाठी मी पान्दोरो सुचवलं. ते व्हेरोनाचं, १८९४ साली मेलेगात्तीनं पेटंट घेतलेलं, आत फळ नाही, आठ टोकांचं, पिशवीत पिठीसाखर घालून हलवायचं की झालं. पोरांना ते हलवणंच आवडेल. तात्यांनी धाकट्याला बाजूला घेऊन काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण त्यात फेसाळ शब्द होता.

धाकटा म्हणाला, "आये, मी आता कशाला जातोय? मशीन शिकून झालं. परत धाडतील ते मशीन बिगडलं तरच."

आक्कांनी हातातलं सूप थांबवलं.

"मग बिगडंल की कवातरी. नवं मशीन हाय, सवय व्हायची हाय त्याला. बाई, तुमी काय म्हन्ता? आंबाबाईला नारळ बोललो तर चालंल का?"

"आगं ए," तात्या आतनं ओरडले, "मशीन बिगडल्यावर पगार काय सान बियाजो दिल व्हय?"